नवसाची दाढी

लोकांच्या तोंडावरच्या पुटकुळ्या काढून टाकणं हा माझा धंदा आहे. मी डॉक्टर नाही. बोरीच्या बसस्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या बायोडाटासाठी फोटो काढायला कुणीही आलं की स्टुलावर बसायच्या आधी गालाकडे बोट करून हळूच विचारतं, "भाऊ, हे तेवढं निघंल ना?" निघतं. संगणकावर दोन-चारदा माऊस टिचकवला की गाल साफ. आम्ही त्याला टचिंग म्हणतो. पंधरा वर्षांत मी आसपासच्या इतक्या गालांचं टचिंग केलंय, की काही जण रस्त्यात समोर आले तरी मला ओळखू येत नाहीत. माझ्या डोक्यात त्यांचा फोटोतलाच चेहरा बसलेला असतो.

अशा माणसाच्या स्वतःच्या तोंडावर सदतिसाव्या वर्षी पुटकुळ्या याव्यात, म्हणजे काय थट्टा आहे! कॉलेजात असताना सगळे दोस्त गालाला काहीबाही फासत हिंडायचे, तेव्हा माझा चेहरा लख्ख होता. त्यावरून मी त्यांना भरपूर चिडवलंही होतं. आणि आता डोक्याचे केस विरळ व्हायच्या वयात हनुवटीवर, जबड्यावर लालभडक, ठणकणारे फोड. सकाळी एक बसला की संध्याकाळपर्यंत दुसरे दोन वर आलेले असायचे.

कारण मला ठाऊक होतं, पण सांगता येत नव्हतं.

आषाढात एका सकाळी बायकोनं माझ्यासमोर चहा ठेवला आणि दिवस गेल्याचं सांगितलं. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मी उठून ओरडणारच होतो, तेवढ्यात तिनं माझा हात धरून खाली बसवलं. "पाच महिने व्हईपर्यंत कुणाला बोलायचं न्हाई," ती म्हणाली. "दोनदा आपण आधी सगळ्यांला पेढे वाटले. मंग एकेकीला 'न्हाई राहिलं' म्हणून सांगत बसले मी. विहिरीवर, दळणाला गेले तर तिथं, लग्नात जेवताना. आता माझ्याच्यानं ते व्हणार न्हाई."

खरंच होतं तिचं. दोन्ही वेळेला तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्या दुःखापेक्षा ते सांगत फिरणं तिला जास्त लागलं होतं. मी कबूल झालो. गुपित आम्हा दोघांत आणि माझ्या आईत राहिलं.

आता माझा स्वभाव असा, की माझ्या पोटात काही राहत नाही. राग आला तर तोंडावर बोलून मोकळा, आनंद झाला तर सगळ्या गल्लीला चहा. स्टुडिओबाहेरच्या बाकावर दिवसभर कुणी ना कुणी बसलेलं असतं आणि गावातली निम्मी बातमी तिथूनच पुढे जाते. त्या बाकाशेजारी बसून मी आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी गिळून होतो. घरी गेलो की निराळाच प्रकार. बायको मजेत मेथी निवडत बसलेली असायची आणि मी दारात उभा राहून ती श्वास बरोबर घेतेय का ते बघायचो. ती नुसती खोकली तरी मी धावत जायचो. झोपेचा पत्ता नव्हता. हात सारखा हनुवटीवर, एकेक फोड चाचपत.

गावाला तोंडावरचं दिसायचं, आतलं नाही. मग काय, इलाज सुरू झाले. शेजारच्या मावशी म्हणाल्या उष्णता झाली, सब्जा प्या. समोरचा हॉटेलवाला म्हणाला, तूरडाळ बंद करा. आईनं सहाणेवर जायफळ उगाळून लेप दिला. एका गिऱ्हाइकानं टूथपेस्ट लावायला सांगितली, तीही मी लावली आणि पुदिन्याचा वास मारत दिवसभर फोटो काढले. शेवटी माझ्याच अकलेनं एक ट्यूब आणली, जी कुणीतरी कुणाच्या तरी पोरीला लावलेली पाहिली होती. आठ दिवस चेहरा असा तुकतुकीत झाला, की मी आरशासमोरून हलेना. नवव्या दिवसापासून जे फुटलं ते विचारू नका.

त्याच आठवड्यात सलूनमध्ये भांडण झालं.

सलून माझ्या स्टुडिओला लागून आहे. ते चालवणारे मामा साठीच्या पुढचे. नात्याचे नाहीत, पण गाव त्यांना मामा म्हणतं. माझं जावळ त्यांनीच काढलं, पहिली दाढीही त्यांनीच केली. कमी बोलायचे आणि भरपूर चहा प्यायचे. दिवसाला दहा-बारा कप सहज. वस्तरा एका हातात आणि समोरच्या हॉटेलला खूण करणारा दुसरा हात वर, हे त्यांचं रूप गावातल्या लेकरांनासुद्धा पाठ आहे. गिऱ्हाईक नसलं की माझ्या बाकावर येऊन बसायचे आणि आल्या आल्या म्हणायचे, "सांग दोन."

तर त्या दिवशी मी मामांच्या खुर्चीत होतो. फोडांतून वाट काढत ते दाढी करत होते. बाकड्यावर बियाण्याच्या दुकानाचे शेठ बसलेले. माणूस वाईट नाही, पण समोरच्याची थट्टा केल्याशिवाय त्यांना जेवण पचत नाही. म्हणाले, "काय फोटोवाले, या वयात गालावर बहर! दुसरी करायचा इचार दिसायलाय. करा, करा, पाळणा तरी हलंल."

सगळे हसले. माझ्या डोक्यात एकदम तिडीक गेली. गळ्यातला टॉवेल मी शेठच्या अंगावर भिरकावला आणि एका गालावर साबण तसाच घेऊन बाहेर पडलो. घरी जाऊन उरलेली दाढी स्वतःच केली, रागानं केली, तीन ठिकाणी कापून घेतलं. मामा नुसता टॉवेल उचलून झटकत होते, तेवढं मला आरशात दिसलं होतं.

बायकोची तपासणी परभणीला होती. तिच्या डॉक्टरांकडून बाहेर पडल्यावर तिनं मला त्याच गल्लीतल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. बाईंनी आधी माझी ट्यूब बघितली आणि ती सरळ टेबलाखालच्या डब्यात टाकली. म्हणाल्या, "यात स्टिरॉइड आहे. चार दिवस बरं वाटतं, मग असं होतं. पुन्हा कुणाचं ऐकून काही लावलंत तर माझ्याकडे येऊ नका." मला त्यांचा स्वभाव आवडला.

मग त्यांनी विचारलं, "काही टेन्शन आहे का?"

"छे," मी म्हणालो.

"हाय," बायको म्हणाली. "मीच हाय त्यांचं टेन्शन." आणि पोटावर हात ठेवून हसली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. समजावून सांगितलं की चिंतेनं पुटकुळ्या रिकाम्या जागी उगवत नाहीत, पण ज्याची कातडी मुळात तशी असते त्याला ताणाच्या दिवसांत जास्त येतात. अंगात घालमेल असली की कातडीतलं तेल वाढतं, झोप नसली की भरून यायला वेळ लागतो, आणि वरून आपण सारखे हात लावतो. एक मलम दिलं, काही गोळ्या दिल्या. साध्या साबणानं दिवसातून दोनदा तोंड धुवा, हात लावू नका, सुजेवर ब्लेड फिरवू नका, दोन-तीन महिने धीर धरा. "आणि कुणाशी तरी बोलत जा," त्या शेवटी म्हणाल्या. मी बायकोकडे बघितलं. तिनं मान हलवून नाही म्हटलं, म्हणजे गुपित फोडायचं नाही. एसटीत ती मला म्हणाली, "तोंडानं बोलू देत न्हाई, म्हणून ते तोंडावर आलं बगा." आणि जिंतूर रोडचे खड्डे सुरू झाले तशी मी ड्रायव्हरला हळू चालवा म्हणून इतक्यांदा सांगितलं, की त्यानं मला पुढे येऊन बसायला सांगितलं.

ब्लेड बंद झालं, दाढी वाढू लागली, आणि नशीब बघा, लगेच श्रावण लागला. आमच्याकडे श्रावणात निम्मे लोक दाढी करत नाहीत. महिनाभर मी सगळ्यांसारखाच दिसत होतो. मामांचा धंदा थंडावला होता, ते दिवसदिवस माझ्या बाकावर बसून चहा पीत. पोळ्याच्या दिवशी मी बैलांचे फोटो काढले. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि शेजारी अवघडून उभा राहिलेला मालक. बैल बिचारा नीट बघतो, मालक डोळे मिटतो. एकानं ट्रॅक्टर सजवून आणला होता, त्याचाही काढला.

दुसऱ्या दिवशी श्रावण संपला आणि सलूनपुढे रांग लागली. मला तर दाढी करायची नव्हती. खाली अजून चार-पाच फोड होते. मी स्टुडिओत दडून बसलो, तर शेठनं दारातून हाक मारलीच. "फोटोवाले, चला की! सगळं गाव भादरायलंय. तुमी काहून बसलाव?"

मी बाहेर आलो. रांगेतली वीस तोंडं माझ्याकडे वळली. काय सांगणार? पुटकुळ्या लपवतोय म्हणालो असतो तर शेठची आठ दिवसांची सोय झाली असती. खरं कारण सांगायची तर शपथच होती. आतून मामांचा आवाज आला, वस्तरा न थांबवता, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"नवस हाय त्याचा. कुणी काही इचारू नका."

रांग एकदम गप्प झाली. शेठसुद्धा. कसला नवस, हे कुणी विचारलं नाही. नऊ वर्षं पाळणा न हललेल्या घरातल्या माणसानं दाढी राखली तर आमच्या गावात त्याचा एकच अर्थ होतो. मी नाही म्हणायला हवं होतं. पण शेठनं पुढे येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "त्या दिवशीचं इसरा, भाऊ. माझी जीभ लय सैल हाय." मग कुठलं नाही म्हणणार?

त्या संध्याकाळी मी मामांना विचारलं, हे काय बोललात? मामा म्हणाले, "मला वाटलं नवसच असंल." मी दोन चहा सांगितले, तर म्हणाले, "मला नको. पित्त झालंय." मी दोन्ही कप प्यायलो.

दोन दिवसांत गावभर झालं. आणि मला जे कधी अपेक्षित नव्हतं ते सुरू झालं. गाव माझ्याशी प्रेमानं वागू लागलं. दळणाला गेलेल्या माझ्या बायकोला बायका पुढे घालू लागल्या. शेजारच्या मावशींनी "यंदा तरी काही हाय का?" हा नऊ वर्षांचा प्रश्न बंद केला आणि एक दिवस नुसताच खरवस आणून दिला. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेलं एक कुटुंब दरवर्षीप्रमाणे सगळ्यांचा मिळून फोटो काढायला आलं. जाताना त्यातली बाई माझ्या दाढीकडे बघून म्हणाली, "देव लवकर ऐकंल, भाऊ. झालं की फोन करा, आमी फडातनं पेढे खाऊ." तिच्या कडेवर तिचं स्वतःचं लेकरू होतं आणि तिला पुढचे पाच महिने कोयता चालवायचा होता. मला लाजच वाटली. मी तिला मोठा फोटो करून दिला.

आता देव कोणता, यावर मात्र गावात दोन तट पडले. काही म्हणाले मारुती, काही म्हणाले मी नक्की कुठल्यातरी लांबच्या देवीला बोललो असणार, त्याशिवाय एवढी दाढी कोण राखतंय. पाथरीचा एक मेहुणा फोनवर म्हणाला, "दाजी, मला तरी सांगा." मी कुणालाच सांगत नव्हतो, कारण सांगण्यासारखा देव माझ्याकडे नव्हता. मी नवसबिवस मानणारा माणूस नाही. पण लोकांना वाटलं, केवढा पक्का आहे!

दिवाळीच्या आधी पाच महिने भरले. बायकोनं स्वतः मावशींना सांगितलं आणि तासाभरात माझ्या स्टुडिओपुढे जत्रा जमली. "पावला, नवस पावला!" शेठनं स्वतःच्या खिशातून पेढे आणले. मी सगळ्या लाईनीला चहा सांगितला. बाकावर बसून मी जो बोलत सुटलो तो दिवसभर. डॉक्टरांनी काय सांगितलं, सोनोग्राफीत काय दिसलं, बायको काय खाते, काय टाकते, सगळं. चार महिन्यांचं तुंबलेलं होतं. मामांनी माझ्या हातून कप घेतला, पुढच्याला दिला, आणि आरसा पुसायला आत गेले.

त्या दिवसापासून मला झोप लागू लागली. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी तोंड धुताना जाणवलं, दाढीखाली हात कुठेच अडखळत नाही. खिडकीजवळ जाऊन मी केस बाजूला करून बघितलं. साफ. डॉक्टरीणबाईंचं मलम कामी आलं की मोकळं बोलणं, कोण जाणे. दोन्ही असावं. मला इतका आनंद झाला, की मी तिथल्या तिथे ब्लेड काढलं. घरातल्या घरात उरकून टाकू, गावाला काय वाटायचं ते वाटो.

साबण लावला. ब्लेड गालाला टेकवलं. आणि हात पुढे जाईना.

बायको आतल्या खोलीत आईशी काहीतरी बोलत हसत होती. मी आरशात स्वतःला म्हणालो, अरे, तू नवस बोललाच नाहीस, तुला कसली भीती? पण भीती होती. सगळ्या गावानं माझ्या वतीनं जे धरून ठेवलं होतं ते मी घाई करून सोडून दिलं आणि उद्या काही झालं तर? ऊसतोडीच्या त्या बाईला मी काय सांगणार होतो? मी साबण धुऊन टाकला. बाहेर येऊन बायकोला सांगितलं, तर ती हसली नाही. म्हणाली, "राहू द्या मंग. मला बी दाढी बरी वाटायलीय." अशा रीतीनं पुटकुळ्या गेल्या आणि दाढी राहिली.

माघात, परभणीच्या दवाखान्यात, भर दुपारी मुलगी झाली. मी फोटोवाला असून तिचा पहिला फोटो हललेला आहे. मी बाहेरच्या व्हरांड्यात येऊन मोठ्यानं रडलो, मग हसलो, मग चहावाल्याला बातमी सांगितली, मग अनोळखी लोकांना. ऊसतोडीच्या बाईला फोन लावला. पलीकडून तिनं "आमी बी हितं पेढे वाटतो!" म्हणून ओरडून सगळ्या फडाला सांगितलेलं मला ऐकू आलं.

पहिलं बाळंतपण म्हणून बायको पेडगावला माहेरी राहिली. बारसं तिथंच झालं. लेक तीन आठवड्यांची झाली तेव्हा मी भेटायला गेलो, तिला उचललं आणि किंचाळलो. तिच्या दोन्ही गालांवर बारीक लाल पुटकुळ्या! मी गाडी काढा, डॉक्टर बोलवा, सुरू केलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "लेकरांला येतात तशा. आपसुक जात्यात. कायबी लावू नगा." खात्री करायला मी डॉक्टरांना फोन केलाच, त्यांनीही तेच सांगितलं. बायको मात्र लेकीच्या गालाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत हसून लोळायची बाकी होती. "हिला कसलं टेन्शन आलं असंल व्हय?" ती म्हणाली. मी म्हणालो, "जन्मभर या बापाचं ऐकून घ्यायचंय, त्याचं." लेक माझ्या दाढीत मूठ अडकवून झोपून गेली. मी तासभर मान वाकडी करून बसलो. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

सव्वा महिन्यानं दोघींना बोरीला आणायचं ठरलं. आदल्या दिवशी सकाळी मी मामांच्या सलूनमध्ये गेलो. अजून कुणी आलं नव्हतं. खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "मामा, काढा आता."

मामांनी कात्रीनं आधी भार कमी केला, साबण लावला, आणि डावा गाल साफ केला. आठ महिन्यांनी गालाला वारा लागला. माझ्याच्यानं राहवेना. पोटात काही राहत नाही म्हणालो ना. मी म्हणालो, "मामा, लोक इचारायलेत कोणत्या देवाला बोलला व्हतास म्हणून. मी काय सांगू? नवस नव्हताच."

"म्हाईत हाय मला," मामा म्हणाले.

मी आरशात त्यांच्याकडे बघत राहिलो.

"पुटकुळ्या व्हत्या तुला. तुझं तोंड मी तुझ्यापेक्षा जवळनं बघतो. शेठ ते बोलला, तू साबणासकट निघून गेलास, तवा मला लय वाईट वाटलं. माझ्या दुकानात झालं ना ते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी परत तो तुला छळायलाय हे बघितलं, आन् माझ्या तोंडातनं निघून गेलं. नवस म्हणलं की गाव गप बसतंय."

"मग मला तवाच सांगायचं की!"

मामांनी वस्तरा पुसला. पुन्हा पुसला. मग म्हणाले, "देवाच्या नावानं खोटं बोललो व्हतो मी, आन् ते बी तुझ्या नावावर. रातीला ध्यानात आलं असतं तर बरं, पण मला तर तिथंच, रांग भादरता भादरता भ्या वाटाय लागलं. हे खोटं तुमा दोघांच्या अंगावर आलं तर? मंग म्हणलं, खोट्याला खरं करून टाकावं. मारुतीला मनातल्या मनात बोललो, याच्या घरात लेकरू आल्याबिगर चहाला शिवणार न्हाई."

माझ्या डोळ्यांसमोरून एकेक दिवस जाऊ लागला. ते पित्त. दिवाळीआधीचा तो पुढच्याला दिलेला कप. थंडीतल्या सकाळी, मी बाकावर बसून फुर्र फुर्र करत चहा पीत होतो आणि ते शेजारी बसून हात चोळत होते. दहा-बारा कप पिणारा माणूस. सात महिने. तेही, नेम धरला तेव्हा माझ्या घरात आधीच दिवस गेलेत हे ठाऊक नसताना. आणि मी त्यांच्या वाटणीचे कप रिकामे करत होतो.

"मामा, ती जन्मून सव्वा महिना झाला की हो! मग अजून कशाला थांबलाव?"

"तुझी दाढी उतरल्याबिगर कसं पिणार? तुझ्यासंगं धरलं, तुझ्यासंगं सोडायचं."

मला रडू फुटलं. लपवायला हातसुद्धा मोकळे नव्हते, कापडाखाली अडकलेले. एक गाल साफ, एक गाल दाढीचा, आणि मधून पाणी वाहतंय, असा मी बसलो होतो. तेवढ्यात दारात शेठ उभे राहिले. त्यांनी एकदा मला बघितलं, एकदा मामांना. मी नाक ओढून त्यांच्याकडे वळलो. "शेठ, चहा सांगा. मामांसाठी. पळा!"

का, कशासाठी, काही न विचारता शेठ खरंच पळाले. हॉटेलवाला स्वतः किटली घेऊन आला, त्याच्या मागे दिवसाची पहिली दोन गिऱ्हाइकं. मामांनी वस्तरा खाली ठेवला, टॉवेलनं हात पुसले, कप दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून पहिला घोट घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"साखर कमी हाय," मामा म्हणाले. "अजून एक सांग."